दाताला वाट कोण करून देतं?

ओपीडीत सहा वर्षांच्या पोराचा एक्स-रे दाखवत ‘येणाऱ्या दाढेच्या वरचं हाड झिजतंय’ म्हटलं, की नागपूरची आई दचकते. ‘पोराचं हाड झिजून राहिलं का जी?’ झीज म्हटलं की आपल्याला आजीचे गुडघेच आठवतात. इथे मात्र हाड झिजलं नाही, तर दाढ येणारच नाही.

मूळ वाढतं आणि दाताला वर ढकलतं, असं बराच काळ मानलं जाई. १९८० च्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग झाले. दाताभोवतीची पातळ पिशवी काढली, तर दात जागीच अडकला. पिशवी ठेवून आत धातूचा नकली दात बसवला, तर तोही वर आला! म्हणजे हुकूम पिशवीचा. ती सीएसएफ-१ नावाचं प्रथिन सोडते, त्याच्या हाकेवर हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींची पूर्वज मंडळी जमते. हे प्रथिन सदोष असलेल्या उंदरांना दात येत नव्हते; ते टोचल्यावर आले. पडलेला दात आपण उंदरासाठी कवेलूवर फेकायचो, इथे उत्तरही उंदरानंच दिलं.

जमलेल्या पेशींना कामाला लावणारा रेणू १९९७-९८ मध्ये हाती आला, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. प्रतिकारशक्तीवाल्यांनी त्याला ‘ट्रान्स’ आणि ‘रँकएल’ म्हटलं, हाडवाल्यांनी ‘ओपीजीएल’ आणि ‘ओडीएफ’. बाळ एक, बारशी चार. २००० मध्ये एका समितीने ‘रँकएल’वर शिक्का मारला, जनुकांच्या यादीत नाव आणखी पाचवंच. माझ्या मते ‘ओडीएफ’ सरस होतं, कारण ऑस्टिओक्लास्ट घडवणारा घटक हे काम त्या नावातच होतं. ‘रँकएल’मधून हाडाचा पत्ताही लागत नाही, विद्यार्थी नुसतं घोकतात.

रँकएलला अडवायला ओपीजी नावाचं प्रथिन असतं. उंदराच्या पिल्लांत दाढेची वाट मोकळी होऊ लागते तेव्हा पिशवीतलं ओपीजी उतरतं आणि रँकएलला रान मोकळं मिळतं. १९९९ मध्ये रँकएलविना जन्मलेल्या उंदरांत ऑस्टिओक्लास्टच नव्हते, दातही वर आले नाहीत.

माणसातला मोठा धागा २००८ चा. काही घराण्यांत वाटेत काहीच आडवं नसताना दाढा अडकून राहतात. त्यांच्यात पीटीएच१आर जनुकात बिघाड सापडला. अशा दाढेला तारेने ओढलं तर ती वर येत नाही, हाडालाच चिकटून बसते, आणि शेजारचे चांगले दात तेवढे खाली ओढले जातात.