साबणाची वडी ओली झाली की वास का उसळतो

दिवाळीच्या आधी आमच्या सांगलीत बचत गटांचं प्रदर्शन भरतं. यंदा तिथे हॅन्डमेड साबणाचे चार स्टॉल होते आणि चारही स्टॉलवर एकच पाटी, "केमिकल फ्री". एका स्टॉलवर मी सहज विचारलं, "ताई, कॉस्टिक सोडा किती धरता?" तर त्या जरा दुखावल्याच. म्हणाल्या, "नाही हो मॅडम, आम्ही सोडा वापरतच नाही. तयार साबणाचा बेस आणतो, वितळवतो, सुगंध घालतो, साच्यात ओततो." साबण छान होते, मी वाळा, मोगरा आणि संत्रं अशा तीन वड्या घेतल्या. पण ती पाटी काही डोक्यातून जाईना. मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते आणि गेली पाच-सहा वर्षं घरी साबण करते, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं मला जमत नाही. आणि खरं सांगायचं तर सोड्यापेक्षा मला वासाबद्दल बोलायचंय, पण वासाची वाट सोड्यातूनच जाते.

तेलाचा रेणू डोळ्यासमोर आणा. एक छोटा ग्लिसरॉलचा तुकडा आणि त्याला चिकटलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन लांब शेपट्या. ज्या सांध्याने त्या चिकटलेल्या असतात त्याला एस्टर म्हणतात. कॉस्टिक सोडा हे तिन्ही सांधे तोडतो, शेपट्या सुट्या होऊन सोड्यातल्या सोडियमबरोबर जोडी जमवतात, तो झाला साबण, आणि ग्लिसरॉल मोकळं सुटतं, तेच आपलं ग्लिसरीन. तेल-चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि फॅटी ॲसिड यांची जोडणी असते हे फ्रान्समधल्या शेव्रल नावाच्या केमिस्टने दाखवून दिलं, त्याचं त्यावरचं पुस्तक १८२३ चं. त्याआधी हजारो वर्षं माणसं साबण करतच होती, फक्त आत काय चाललंय ते माहीत नव्हतं. तर सांगायचं हे की वडीचा साबण सोड्याशिवाय होत नाही. स्टॉलवरच्या ताई सोड्याला हात लावत नाहीत हे खरं, पण त्यांचा बेस ज्या कारखान्यातून येतो तिथे तो कुणीतरी घातलेलाच आहे.

यात घाबरण्यासारखंही काही नाही, कारण मोजून घातला तर सोडा वडीत उरतच नाही, तो सगळा साबण होण्यात खर्च होतो. कुठल्या तेलाला किती सोडा लागतो याचे आकडे ठरलेले आहेत, एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, तिळाच्या तेलाला ०.१३४, एरंडेलाला ०.१२८. माझी नेहमीची वडी म्हणजे ३०० ग्रॅम खोबरेल, १५० ग्रॅम तिळाचं, ५० ग्रॅम एरंडेल. गुणाकार-बेरीज केली की ८१ ग्रॅमच्या आसपास सोडा येतो, त्यातला मी पाच टक्के मुद्दाम कमी करते आणि ७७ ग्रॅमच घेते, म्हणजे सोडा संपतो आणि थोडं तेल शिल्लक राहतं, अंगाला तेवढाच मऊपणा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं अजिबात नाही, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय मी डबासुद्धा उघडत नाही.

तेलात सोड्याचं पाणी घालून ढवळत राहिलं की आधी पातळ, मग ताकासारखं, मग हळूहळू कस्टर्डसारखं होतं आणि चमच्याने रेघ ओढली की ती वर तरंगत राहते. साबण करणारे याला ट्रेस म्हणतात. सुगंध घालायची वेळ हीच, आणि खरी गंमत इथेच सुरू होते.

पहिल्या हिवाळ्यात मी लवंगेचं तेल घातलं होतं. थंडीत लवंगेच्या वासाने आंघोळ किती छान होईल असं मनात होतं. तेल घातलं आणि अर्ध्या मिनिटात पातेल्यातलं सगळं उकडलेल्या बटाट्यासारखं घट्ट झालं, ढवळणी आत रुतून उभी राहिली, साच्यात ओतायचं तर लांबच, चमच्याने कोंबावं लागलं. तेव्हा मी रडकुंडीला आले होते, पण दुसऱ्या दिवशी कारण समजून घेतलं आणि तेव्हापासून हा विषय सुटलाच नाही. लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं. ते फिनॉल जातीचं, म्हणजे सोड्याच्या पाण्यात शिरून स्वतः सोडियमचं मीठ होतं, आणि त्याचा दुसरा भाग मात्र तेलाकडे ओढ घेतो. एरवी तेल आणि पाणी एकमेकांना टाळत असतात आणि त्यांच्या सीमेवरच काय ती रिॲक्शन चाललेली असते, त्यात असा दोन्हीकडचा मध्यस्थ घुसला की जे काम तासाभरात व्हायचं ते मिनिटात होतं.

म्हणजे सुगंध हा केकवरच्या आयसिंगसारखा वरून लावलेला नसतो. तो त्या पातेल्यातल्या भांडणात उतरतो. आणि सगळ्यात जास्त हाल होतात ते मोगऱ्याचे.

मोगरा, जाई, चमेली यांच्या वासात बेंझिल ॲसिटेटचा मोठा वाटा असतो. आता हे ॲसिटेट म्हणजे काय, तर एस्टर. तेलात जो सांधा होता तोच सांधा. सोड्याला काय माहीत की हे खोबरेल आहे आणि हा मोगरा आहे, त्याला एस्टर दिसलं की तो तोडतो. बेंझिल ॲसिटेट तुटलं की बेंझिल अल्कोहोल आणि सोडियम ॲसिटेट होतं. पहिल्याला अगदी फिका वास, दुसऱ्याला जवळपास नाहीच. ओतताना घर घमघमलेलं असतं आणि महिन्याने वडी नाकाशी धरली की "मोगरा होता वाटतं" एवढंच उरतं. लव्हेंडरमध्येही एस्टर असतं, लिनॅलिल ॲसिटेट, पण त्याचा सांध्याजवळचा भाग इतका गजबजलेला असतो की सोड्याला आत शिरायला जागाच मिळत नाही, त्यामुळे ते उशिरा तुटतं, आणि तुटलं तरी त्यातून निघतं लिनॅलूल, ज्याला स्वतःचा गोड फुलांचा वास आहे. म्हणून लव्हेंडर टिकल्यासारखं वाटतं. संत्र्याची गोष्ट तिसरीच. त्यातलं लिमोनीन एस्टर नाही, सोडा त्याला काही करत नाही, पण दहा कार्बनचा हलका रेणू तो, वडी वाळायला ठेवलेल्या चार-सहा आठवड्यांत निम्मं आयुष्य हवेत उडून जातं.

आणि वाळा, चंदन? हे पंधरा कार्बनचे जड रेणू. चंदनाच्या तेलातलं सॅन्टॅलॉल तर अल्कोहोल आहे, सोड्याला तोडायला तिथे एस्टरचा सांधाच नाही, उडायलाही आळशी. पहिल्या महायुद्धात युरोपात जाणारं चंदन अडकलं तेव्हा म्हैसूर संस्थानाने तेल गाळायला आणि पुढे त्याचा साबण करायला घेतलं, तो साबण आजही मिळतो. व्यापाराची अडचण होती ती, पण निवडलेला सुगंध साबणासाठी इतका योग्य निघाला की मला दर वेळी त्याचं कौतुक वाटतं.

मग बाजारात मोगऱ्याचा साबण मिळतो तो कसा, हा प्रश्न माझ्या बारावीच्या एका मुलीने विचारला होता आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. कारखान्यात आधी साबण पूर्ण करून घेतात, धुतात, वाळवतात, त्याच्या शेवया पाडतात, त्यांना नूडल्सच म्हणतात, आणि मग त्या शेवयांत सुगंध घालून रोलरमधून दाबून वडी काढतात. तोवर सोडा संपलेला असतो. मोगऱ्याची आणि सोड्याची गाठच पडत नाही.

आता ओल्या वडीकडे येऊ. तुम्ही बघितलं असेल, कोरडी वडी साबणदाणीत पडलेली असते तेव्हा वास जेमतेम येतो आणि पाणी लागलं, हात फिरला की बाथरूम भरून जातं. कोरड्या वडीच्या पृष्ठभागावरचा सुगंध कधीच उडून गेलेला असतो आणि आतला बाहेर यायचा तर घन साबणातून वाट काढत, अगदी सावकाश. पाणी पडलं की वरचा थर विरघळतो आणि आतला ताजा थर उघडा पडतो, हे झालं सोपं कारण.

पण माझ्या आवडीचं कारण पुढचं आहे. साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याला धार्जिणं आणि शेपटी तेलाला. पाण्यात पुरेसे रेणू जमले की ते गोल करून बसतात, डोकी बाहेर, शेपट्या आत, त्याला मिसेल म्हणतात. आत तेलासारखी जागा तयार होते आणि सुगंधाचे बरेचसे रेणू तेलाचेच भाऊ असल्यामुळे तिथे जाऊन दडतात. म्हणजे दाट फेसात साबण वासाला धरून ठेवतो! मिसेल व्हायला पाण्यात साबणाचं एक किमान प्रमाण लागतं, खोबरेलातल्या लॉरिक ॲसिडपासून झालेल्या साबणासाठी ते खोलीच्या तापमानाला लिटरमागे साधारण पाच ग्रॅम आहे. समजा अंगावरच्या फेसात दोन ग्रॅम साबण आहे आणि त्यात पाणी जेमतेम पन्नास मिली, तर लिटरच्या हिशोबाने ते ४० ग्रॅम झालं, मिसेलच मिसेल. आता त्यावर एक लिटरचा तांब्या ओता, प्रमाण दोन ग्रॅमच्याही खाली येतं, मिसेल मोडतात, आत दडलेला सुगंध एकदम पाण्यात उघडा पडतो, पाणी त्याला नकोसं असतं आणि तो हवेत उडी मारतो. कोमट पाण्याची त्यात भर, कारण अशा रेणूंचा बाष्पदाब, म्हणजे हवेत उडून जाण्याचा जोर, तापमान दहा अंशांनी वाढलं की जवळपास दुप्पट होतो. लिमोनीनसारख्या पाण्याला अगदी टाळणाऱ्या रेणूंच्या बाबतीत हा फरक जास्त जाणवतो. गुलाबाच्या वासातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यातही थोडं रमतं, म्हणून ते इतकं उसळत नाही, हळू दरवळतं. प्रत्येक सुगंधाचं तेलात किती आणि पाण्यात किती हे गुणोत्तर मोजलेलं असतं आणि साबणाला सुगंध देणारे लोक ते बघूनच मिश्रण ठरवतात.

पुढच्या वेळी आंघोळीला पहिला तांब्या अंगावर घेताना लक्ष द्या, फेस फासताना येणारा वास आणि पाणी ओतल्याच्या क्षणाचा वास वेगळा असतो. दोन-तीन मिनिटांत मात्र तो जाणवेनासा होतो, तो संपलेला नसतो, नाक सरावलेलं असतं. बाहेरून आलेलं माणूस लगेच म्हणतं, "कुठला साबण गं?"

एवढं सगळं खरंखुरं सुंदर असताना त्यावर भलतं काही चिकटवलेलं बघितलं की मला राग येतो. हल्ली "निगेटिव्ह एनर्जी घालवणारा" कापराचा साबण, "चक्र संतुलित करणारा" साबण, टॉक्सिन ओढून घेणारा कोळशाचा साबण, केशराने गोरं करणारा साबण असं काय काय विकतात. जी वस्तू अंगावर मिनिटभर राहून गटारात जाते ती रक्तातलं काही ओढू शकत नाही आणि रंगही बदलू शकत नाही. कापराचा वास आवडतो म्हणून खुशाल घ्या, दृष्ट काढायला नको. आणि नॅचरल म्हणजे निर्धोक हेही धरून चालू नका. लिमोनीन, लिनॅलूल हवेत मुरून जुने झाले की त्यांच्यापासून होणारे पदार्थ काहींच्या त्वचेला ॲलर्जी करतात, म्हणून सुगंधी तेलाची बाटली वर्षानुवर्षं जपून ठेवायची नसते.

आमच्याकडे बोअरचं पाणी दुष्फेन आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा साका करतात, बादलीच्या काठाला पांढरी कड दिसते ती तीच, आणि हे दोघं संपेपर्यंत फेस धरत नाही. अशा पाण्याला खोबरेल जास्त असलेली वडी बरी पडते. वडी जाळीच्या साबणदाणीवर उभी ठेवा, पाण्यात बसली की मऊ लगदा होतो आणि त्यातून वास फुकट जातो. माझी आत्या नवी वडी वापरायला काढण्याआधी महिनाभर साड्यांच्या कपाटात ठेवते, त्यात साड्यांनाही वास लागतो आणि वडी वाळून कडक होते, जास्त दिवस पुरते. वाळ्याची वडी यासाठी सगळ्यात छान.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा त्या स्टॉलवर गेले, कारण घरी नेलेल्या तीन वड्यांतला मोगरा भरभरून येत होता आणि माझ्या स्वतःच्या मोगऱ्याला ते कधी जमलेलं नाही. ताईंना सांगितलं की तुमचा बेस येतो तेव्हा त्यातला सोडा संपलेला असतो, म्हणूनच तुमचा मोगरा जगतो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "मग लवंगेचं तेल घातलं तर चालेल का? सगळे म्हणतात घट्ट होतं." म्हटलं चालेल, तुमच्या बेसमध्ये घट्ट नाही होणार, पण थोडंच घाला, लवंग त्वचेला झोंबते, आणि बेस गॅसवरून उतरवून जरा निवू द्या, अगदी गरम असताना घातलं तर वास भांड्यातूनच उडून जाईल. त्यांनी बिलबुकाच्या मागच्या पानावर "लवंग, थोडं, निवल्यावर" असं लिहून घेतलं.