हातात टिपरू येतं कुठून

माझा भाचा लातूरला आठवीत आहे आणि गेल्या वर्षभरापासून त्याचं एकच चाललंय, मामा मला ड्रमसेट पाहिजे. ताई म्हणते आधी गणितात मार्क आण. पण पोरगं जेवताना ताटावर, अभ्यासाला बसलं की कंपासपेटीवर, गाडीवर मागं बसलं की माझ्या पाठीवर सारखं वाजवायलाय, थांबतच नाही. मी विचारलं, अरे हे तुझ्या डोक्यात आलं कुठून, तर म्हणाला गणपतीत पथक गेलं ना आपल्या गल्लीतून तेव्हा मी ताशाच्या एकदम बाजूला उभा होतो, पोटात वाजत होतं मामा. पोटात वाजत होतं, हे त्याचेच शब्द. मला ते लई पटलं. मग मी मागं मागं जाऊन बघायला लागलो की आपल्या मराठवाड्यात माणसं वाजवायला लागली ती नेमकी कशामुळं, कारण आज आपण ज्याला आवड म्हणतो तिच्यामागं जायची मुभा फार थोड्या लोकांना होती.

सगळ्यात जुना पुरावा बघायचा तर संभाजीनगरला विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत, तिथल्या सात नंबरच्या लेण्यात जा. सहाव्या-सातव्या शतकातलं काम आहे. गाभाऱ्यातल्या भिंतीवर मधोमध एक नाचणारी बाई कोरलीय आणि तिच्या दोन्ही बाजूंना वादक बसलेत, कुणाकडं बासरी, कुणाकडं टाळ, कुणाकडं चामड्याची वाद्यं. आणि त्या सगळ्या बायकाच आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या गर्दीत इकडं फारसं कुणी फिरकत नाही, पण ज्याला वाद्यांचं वेड आहे त्यानं हे एकदा बघावंच, माझं तर पाऊलच निघेना तिथून.

त्यानंतर सहाएकशे वर्षांनी आणि तिथून जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरवर देवगिरी, म्हणजे आजचं दौलताबाद. यादव राजा सिंघण याच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता, त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आले, आणि ह्याच्याकडं राज्याच्या हिशेबाचं काम. ह्या हिशेब बघणाऱ्या माणसानं तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, जो आजही उत्तरेतले आणि दक्षिणेतले दोन्हीकडचे संगीतवाले आपला मानतात. सात अध्यायांचा ग्रंथ, त्यातला पाचवा अख्खा तालावर आणि सहावा अख्खा वाद्यांवर. कातड्यानं मढवलेल्या वाद्यांना तो अवनद्ध म्हणतो आणि पटह, हुडुक्का, डमरू, दुंदुभी, भेरी अशी कितीतरी वाद्यं, ती बनवायची कशी, वाजवायची कशी, कुठल्या हातानं कुठला बोल काढायचा इथपर्यंत लिहून ठेवतो. दौलताबादचा किल्ला चढताना आपण भुयारी मार्ग आणि तोफेचे फोटो काढतो, पण हे पुस्तक ह्या मातीत लिहिलं गेलंय हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

पण ग्रंथ वाचून कुणी वाजवायला शिकत नाही. गावात वाजवायला लागण्याचं पहिलं कारण म्हणजे देवी. तुळजापूर आणि माहूर, दोन्ही आपल्याकडंच. गोंधळ्यांमध्ये जे तुळजाभवानीचे ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई, आणि दोघांच्या कमरेला संबळ. एक लहान एक मोठं अशी दोन वाद्यं एकत्र बांधलेली, दोन काड्या, त्यातली एक टोकाला वाकडी. घरात लग्न झालं की गोंधळ घालायचा आणि रात्रभर संबळ वाजत राहायचं. गोंधळ्याच्या घरातल्या पोराला कुणी विचारत नव्हतं की तुला शिकायचं का, गळ्यात कवड्यांची माळ पडली की संबळ आपोआप हातात आलं. परभणीचे राजारामबापू कदम ह्याच परंपरेतले, त्यांनी गोंधळ गावच्या अंगणातून मोठ्या रंगमंचावर नेला. तसंच खंडोबाचं, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत वाघ्यामुरळीची दिमडी ऐकली असेल तर कळेल, तळहाताएवढं ते वाद्य आणि आवाज केवढा करारी. डवऱ्यांचा डौर, नंदीबैलवाल्याचं काडी घासून गुबुगुबु करणारं वाद्य, तांड्यावरचा नगारा, एकेका समाजाचं एकेक वाद्य ठरलेलं. वाद्य ऐकलं की दार न उघडताच आजी सांगायची कोण आलंय.

आता हलगी. हिच्याबद्दल मला जास्त बोलायचंय.

हलगी म्हणजे एक कडं, पूर्वी लाकडाचं आता बहुतेक लोखंडाचं, त्यावर ताणलेलं शेळीचं कातडं, आणि दोन काड्या, एक जाड एक बारीक. बास. सोबतीला घुमकं (घुमणारं चामड्याचं वाद्य) आणि कैताळ (झांजेसारखं) असलं की जत्रा उभी राहते. वाजवायच्या आधी पाचट नाहीतर पाला पेटवून हलगी शेकायची, कारण कातडं हवेतली ओल पितं आणि ढिलं पडतं, शेकल्यावर ओल जाते, कातडं ताणतं आणि मग ती कडाडते. गावात कुस्ती असो, पोळा असो, मोहरमच्या सवाऱ्या निघोत (आणि आमच्याकडं सवारीपुढं नाचणाऱ्यांत हिंदू-मुसलमान असं काही नसायचं, अलाव्याभोवती, म्हणजे मोहरमच्या जाळाभोवती, सगळं गाव), वरात असो की मयत, हलगी पाहिजेच. दवंडीसुद्धा हिच्यावरच.

पण वाजवायचं कुणी, तर ते जातीनं ठरवलेलं होतं. आधी महार आणि मातंग दोन्ही समाजांकडं गावकीची ही कामं होती. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर बौद्ध झालेल्या लोकांनी गावकी सोडली तशी हलगीही बऱ्याच ठिकाणी खाली ठेवली, आणि ती मातंग समाजाच्या हातात राहिली. मोबदला काय तर सुगीला चार पायल्या धान्य आणि वर हुकूम. ज्या माणसाच्या तालावर अख्खं गाव नाचायचं त्याला देवळाच्या पायरीखाली उभं करायचं. म्हणून एखाद्या बापानं पोराच्या हातातली हलगी काढून घेतली असेल आणि म्हणला असेल शाळेत जा, हे धरू नको, तर त्यात वाद्याचा राग नव्हता, त्या वागणुकीचा होता. हे लक्षात न घेता आज आपण ‘लोककला लोप पावत चालल्या’ म्हणून हळहळतो, ते मला पटत नाही.

मला स्वतःला सात-आठ वर्षांचा असताना हलगी धरायची फार इच्छा होती. जत्रेत मी हलगीवाल्या काकांच्या इतका जवळ गेलो की शेकोटीचा धूर डोळ्यांत गेला. त्यांनी हसून काडी माझ्याकडं केली आणि तेवढ्यात आजीनं माझा हात ओढला. ते आपलं काम नाही म्हणाली. आजी वाईट नव्हती, तिला तेच शिकवलेलं होतं, पण काकांनी ती काडी ज्या पद्धतीनं गुपचूप मागं घेतली ते मला चाळीस वर्षांनंतरही दिसतं. ओढ मलाही तेवढीच होती आणि त्यांच्या पोरालाही, फक्त मला शिवायची मनाई आणि त्याला नाही म्हणायची मनाई.

तर मग आमच्यासारख्यांनी कुठं वाजवायचं, मृदंगावर. हरिनाम सप्ताह हे मराठवाड्यातल्या पोरांचं खरं संगीत विद्यालय आहे असं मी म्हणेन. सात दिवस पहाटे काकडा, दिवसा पारायण, रात्री कीर्तन, आणि दहा-बारा वर्षांची पोरं मृदंगवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसलेली. डाव्या तोंडाला कणीक लावायची म्हणजे तो घुमतो, ती कणीक मळायचं काम मिळालं तरी आम्हाला मोठं झाल्यासारखं वाटायचं. पैठणला नाथषष्ठीला जाऊन बघा, शेकडो दिंड्या, प्रत्येकीत एक तरी विशीच्या आतला मृदंगवाला. इथली पोरं आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत जातात, जोग महाराजांनी १९१७ साली काढलेल्या, आणि परत येऊन गावोगाव मृदंग शिकवतात. ह्याच पट्ट्यातले शंकरबापू आपेगावकर, अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे (पैठणजवळचं ज्ञानोबांचं आपेगाव ते वेगळं), पखवाजासाठी, म्हणजे आम्ही मृदंग म्हणतो त्यासाठीच, १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातला माणूस पखवाज घेऊन दिल्लीपर्यंत गेला, ह्या एका गोष्टीनं आमच्याकडच्या किती बापांनी पोरांना मृदंग घेऊन दिला असेल ह्याची मोजदाद नाही. पंगतीत आणि फडात सगळे सारखे हे वारकऱ्यांचं म्हणणं पुरतं खरं झालं असं नाही म्हणणार मी, पण निदान मृदंगाला जात लावली नाही, आमच्या गावात तरी चार जातींची पोरं एकाच मृदंगावर शिकली.

आता भाच्याचा ड्रमसेट. तो तर फार अलीकडचा, शंभर-सव्वाशे वर्षांचा. आधी अमेरिकेतल्या बँडमध्ये मोठा ढोल एक जण आणि लहान ड्रम दुसरा जण वाजवायचा. मग पायानं ढोल वाजवायची सोय निघाली, १९०९ साली लुडविग कंपनीनं चांगला चालणारा पेडल काढला आणि दोघा-तिघांचं काम एकटा बसून करायला लागला. म्हणजे मालकाचे पैसे वाचले आणि एका माणसाच्या दोन्ही हातापायांना काम मिळालं. आणि तिकडं लोक ड्रमकडं का वळले तर गोष्ट सारखीच. बीटल्सचा रिंगो स्टार लिव्हरपूलमध्ये तेरा वर्षांचा असताना क्षयानं आजारी पडला, खूप महिने दवाखान्यात, तिथं पोरांना हातपाय हलवायला म्हणून वाद्यं द्यायचे, त्यानं सुताच्या रिळाची काडी करून खाटेशेजारच्या कपाटावर बडवायला सुरुवात केली आणि मग त्याला दुसरं काही सुचेचना. पुढं ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेच्या टीव्हीवर एड सलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स आले, सात कोटींवर लोकांनी बघितलं, आणि रिंगोच्या ढोलावर लिहिलेल्या लुडविग ह्या नावामुळं त्या कारखान्याला रात्रंदिवस काम करावं लागलं. आमच्याकडं एवढं नाही पण असंच काहीसं झाकिर हुसेन यांच्या चहाच्या जाहिरातीनं केलं, माझ्या वर्गातली तीन पोरं त्यानंतर तबल्याच्या क्लासला लागली होती. मग ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (विजेवर चालणारा ड्रम) आला, तो तर आता जागरण-गोंधळाच्या पार्टीतही संबळाच्या शेजारी उभा असतो.

ढोल-ताशा पथकं आमच्याकडं उशिरा आली. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग ह्या शाळांची पथकं जुनी. इकडं १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाचं राज्य, सभा-मिरवणुकांवर बंधनं, त्यामुळं गणेशोत्सव होता, मेळे होते, पण रस्त्यावरच्या वाजवण्याची ती पुण्याची पद्धत नव्हती. पुण्यात शिकायला गेलेली पोरंपोरी गावी येताना टोल-टिपरू, म्हणजे ढोल वाजवायच्या काड्या, घेऊन आली आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत लातूर, नांदेड, संभाजीनगरला पथकं उभी राहिली. दोन महिने आधी मोकळ्या मैदानावर सराव, ढोल कमरेला बांधून तासन्‌तास उभं राहायचं, बोटांना फोड येतात, त्यावर चिकटपट्टी लावून परत वाजवायचं. ढोलाला आता फायबरचं पान असतं, भाद्रपदातल्या पावसात शेकत बसावं लागत नाही. आणि पोरी मोठ्या संख्येनं आहेत. सात नंबरच्या लेण्यातल्या त्या बायकांनंतर मधल्या शतकांत चामड्याचं वाद्य बायकांच्या हातात चारचौघांत फारसं दिसलं नाही, म्हणून लातूरच्या रस्त्यावर एखादी अकरावीतली पोरगी ताशावर तर्री (वेगानं सलग वाजवलेले ठोके) काढते तेव्हा मी थांबून ऐकतो. मोठ्या आवाजाचा दवाखान्याजवळ आणि म्हाताऱ्यांना त्रास होतो हेही खरंय, पथकांनी ते पाळलंच पाहिजे.

यंदा जत्रेला मी भाच्याला गावी नेलं. हलगीवाले काका आता नाहीत. त्यांचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, मधली पंधरा वर्षं त्यानं हलगीला हात लावला नव्हता, आता त्यानं स्वतःचा ताफा केलाय, सुपारीचा आकडा आधी ठरवतो, अर्धे पैसे आधी घेतो आणि देवळासमोर खुर्च्या मांडायला लावतो. मी ओळख सांगितली, तो हसला, म्हणाला तुम्ही लहानपणी लई पुढं पुढं यायचात म्हणून बाबा सांगायचे. मला काही बोलता आलं नाही. त्यानं भाच्याला शेकोटीपाशी बसवलं आणि हलगी जाळावर धरून गोल कशी फिरवायची, कातड्यावर बोट टिचकावून आवाज कसा बघायचा ते दाखवलं, अर्धा तास नुसतं तेच, काडी हातात दिलीच नाही. पोराचे डोळे धुरानं लाल झाले पण हललं नाही. ड्रमसेटचं अजून ठरलेलं नाही, ताई गणिताच्या मार्कांवर अडून बसलीय, भाच्यानं मात्र येताना गाडीवर माझ्या पाठीवर जे वाजवलं ते पथकाचं नव्हतं.