यकृताची पेशी प्रथिन पकडते, मग सोडते कशी?

१९६०च्या दशकाच्या अखेरीस गिल्बर्ट ॲशवेल आणि अनातोल मोरेल हे अमेरिकेतले संशोधक सेरुलोप्लाझ्मिन या तांबं बाळगणाऱ्या प्रथिनावर काम करत होते. प्रथिनावरच्या शर्करासाखळ्यांच्या टोकांचं सायलिक आम्ल काढून टाकून त्यांनी ते सशाला टोचलं. एरवी दिवसच्या दिवस फिरणारं प्रथिन काही मिनिटांत रक्तातून गायब! सापडलं ते यकृतात.

सायलिक आम्ल गेलं की त्याखालचं गॅलॅक्टोज उघडं पडतं आणि यकृतपेशीवरचा एक रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन, कॅल्शियमच्या मदतीनं ते धरतो. तिथं पेशीचा पडदा आत खचून त्याची पिशवी बनते, तिला एंडोसोम म्हणतात. पिशवीच्या भिंतीतले पंप एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून आत प्रोटॉन, म्हणजे आम्लता आणणारे हायड्रोजनचे कण, भरतात. पीएच हे आम्लतेचं माप; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त. रक्ताचा पीएच ७.४, इथं तो ६च्या आसपास उतरतो. फरक किरकोळ दिसतो, पण पीएचचा एक अंक म्हणजे दहापट. आम्लता पंचवीसपट झालेली असते. एवढ्यानं रिसेप्टरच्या हातून कॅल्शियम सुटतं, पाठोपाठ प्रथिनही. रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर जातो. प्रथिन जातं लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत. तिथं पीएच ५च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि विकरं त्याचे तुकडे करतात.

आम्लाचं नाव बहुधा या शेवटच्या पचनासाठी घेतलं जातं. मला मधली सुटका अधिक मोलाची वाटते. मलेरियावरचं क्लोरोक्विन अशा पिशव्यांत साठतं आणि आतले प्रोटॉन टिपून घेतं. यकृतपेशींना ते दिलं, की पचन अडतंच, शिवाय पृष्ठभागावरचे रिसेप्टरही घटतात. म्हणजे आत आम्ल नसेल तर बाहेरची पकडही ढिली.

उलटा प्रकारही आहे. एलडीएल कोलेस्टेरॉल आत घेणाऱ्या रिसेप्टरला पीसीएसके९ नावाचं प्रथिन चिकटतं, आणि आम्लात त्याची मिठी आणखी घट्ट होते. मग तो रिसेप्टर परत येतच नाही, लायसोसोममध्ये संपतो आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं.

इन्क्लिसिरान या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधात दोन्ही गोष्टी एकत्र येतात. गॅलॅक्टोजच्या नात्यातली एक शर्करा जोडल्यामुळे ॲशवेल-मोरेल यांचा रिसेप्टर हे औषध आत ओढतो, आणि ते पीसीएसके९ची निर्मिती थोपवतं. बरंचसं औषध आम्लधर्मी पिशव्यांतच अडकून राहतं. त्यानं विकरांना दाद देऊ नये म्हणून त्याची रासायनिक घडण बदललेली असते. तिथून ते थोडं थोडं झिरपत राहतं. सुरुवातीचे दोन डोस झाले, की पुढं सहा महिन्यांतून एक इंजेक्शन पुरतं, ते मुख्यतः यामुळेच.