बुधाचं जमलं, शुक्राचं काय?

साताऱ्यातल्या एका शाळेत ग्रहांच्या कक्षांवर बोलायला गेलो होतो. कार्यक्रम आटोपला तरी एक निवृत्त इंजिनियर काका मागे रेंगाळले. पिशवीतून दोनशे पानी वही काढून म्हणाले, "सर, आइनस्टाइनची गरजच नाही. माझ्या सूत्रातून बुधाचे 43 बरोबर येतात!" राजवाड्यावर चहा घेता घेता वही चाळली. गणितात चूक नव्हती. पंचाईत तीच होती.

आधी हे 43 काय ते सांगतो. पंचांग उघडणाऱ्याला अंश, कला, विकला ठाऊक असतात. एका अंशात 3600 विकला. बुधाची कक्षा लांबट आहे. तिच्यावर सूर्याच्या सर्वांत जवळचा जो बिंदू, उपसूर्य बिंदू, तो दर फेरीला किंचित पुढे सरकतो. शुक्र, गुरू, पृथ्वी यांच्या ओढीमुळे तो शतकात 532 विकलांच्या आसपास सरकायला हवा. प्रत्यक्षात त्याहून जास्त सरकतो. नेपच्यूनची जागा कागदावर काढून दाखवणाऱ्या ल व्हेरिएने 1859 मध्ये हा फरक 38 विकला काढला, अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ न्यूकोमने 1882 मध्ये 43. शंभर वर्षांत 43! या वेगाने एक अंश सरकायला जवळजवळ 8,400 वर्षं लागतील. फरक भरून काढायला लोकांनी सूर्याजवळ 'व्हल्कन' नावाचा ग्रह कल्पून शोधला. तो काही सापडला नाही.

मग 1894 मध्ये असाफ हॉलने, मंगळाचे दोन चंद्र शोधणाऱ्यानेच, न्यूटनच्या नियमातल्या वर्गालाच (ओढ अंतराच्या वर्गाने घटते, त्यालाच) हात घातला. अंतराचा घात 2 ऐवजी 2.00000016 घ्या, म्हणाला, बुध सुतासारखा सरळ येतो. काकांच्या वहीत वेगळ्या अक्षरांत नेमकं हेच होतं.

एवढ्याशा बदलाने कक्षा का फिरते? हा माझा आवडता भाग, तेव्हा जरा थांबून सांगतो. मळणीयंत्रं येण्याआधी खळ्यात मधोमध तिवडा रोवून त्याभोवती बैल फिरवत. आता कल्पना करा, एक बैल फिरता फिरता तिवड्याजवळ येतो, पुन्हा लांब जातो. म्हणजे चाली दोन: एक गोल फिरण्याची, दुसरी आत-बाहेर होण्याची. दोन्हींचा ताल एक असेल तर बैल दर फेरीला खळ्याच्या त्याच बाजूला तिवड्याच्या सर्वांत जवळ येईल. वर्गाच्या व्यस्त प्रमाणातल्या ओढीत हा ताल तंतोतंत जुळतो, म्हणून कक्षा आपल्याच वाटेवर परत येते. घात केसभर वाढवला की बाहेर गेलेल्याला मागे खेचणारी ओढ जरा जास्त ढिली पडते. परतायला उशीर होतो, आणि तेवढ्यात गोल चाल थोडी पुढे निघून गेलेली असते.

किती पुढे? कक्षा फार लांबट नसेल तर, घातात जेवढी भर घातली तेवढ्या पटीत 180 अंश. 180 गुणिले 0.00000016 म्हणजे 0.0000288 अंश, अर्थात 0.104 विकला. बुध शतकात 415 फेऱ्या मारतो. करा गुणाकार: 43!

पण त्या गणितात ग्रहाचं अंतर कुठे आलं? कुठेच नाही. म्हणजे प्रत्येक ग्रहाला दर फेरीला तीच 0.104 विकला. शुक्राच्या शतकात साधारण 162 फेऱ्या, त्याला 17 विकला मिळायला हव्यात. चंद्राच्या 1,337 फेऱ्या, त्याला तब्बल 139. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खगोलशास्त्रज्ञ ब्राउनने चंद्राची गती गणिताने इतकी बारीक काढली की एवढी मोठी चूक लपायला जागाच उरली नाही. हॉलचा नियम तिथे संपला. आइनस्टाइनच्या 1915 च्या सिद्धांतात ही सरक सूर्यापासूनच्या अंतरावर अवलंबून आहे: बुध 43, शुक्र 8.6, पृथ्वी 3.8. मोजमापं त्याच्या बाजूने गेली.

  

आइनस्टाइनला पर्याय म्हणून पुढे आलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतांची परीक्षा जास्त अवघड असते. 1961 चा ब्रान्स-डिकी सिद्धांत घ्या. अशा सिद्धांतांसाठी 43 ला एका अपूर्णांकाने गुणतात: (2 + 2 गॅमा − बीटा) भागिले 3. वस्तुमान जागेला किती वाकवतं तो गॅमा. दोन गुरुत्वाकर्षणं एकत्र आल्यावर साधी बेरीज कितपत बिघडते तो बीटा. आइनस्टाइनकडे दोन्ही 1. पण गॅमा थोडा कमी आणि बीटा त्याच्या दुपटीने कमी केला तरी उत्तर 43 च राहतं! शिवाय सूर्य जरा चपटा असला तरी बुध सरकतोच. डिकींनी साठच्या दशकात सूर्याचा चपटेपणा मोजून 43 पैकी तीनेक विकला त्याच्या नावावर टाकल्या होत्या. पुढच्या मोजमापांत तो चपटेपणा पुष्कळच कमी निघाला. ही गाठ सुटली ती बुधाबाहेरून. 2002 मध्ये शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांची कंपनसंख्या सूर्याजवळून जाताना किती बदलते ते मोजलं, आणि गॅमा लाखात दोनेक भागांच्या आत 1 ठरला. मग बुधावर एकट्या बीटाची जबाबदारी उरली. 2011 ते 2015 बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानामुळे ते कामही बारकाईने करता आलं.

काकांना मी वहीत शुक्राचा परिभ्रमणकाळ लिहून दिला, 224.7 दिवस. चार दिवसांनी फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"सर, शुक्र 17 म्हणतोय हो."

"चंद्र केलात?"

"नाही. आज राहू द्या."