नंदादेवीची वाट: ती कशी सापडली, का बंद झाली आणि आज कशी आहे

उत्तराखंडातल्या नंदादेवीच्या मुख्य शिखरावर (७,८१६ मीटर) चढाईची परवानगी १९८३ पासून बंद आहे. त्यानंतर तिथे गेल्या त्या लष्कराच्या किंवा पाहणीसाठी नेमलेल्या मोजक्या तुकड्या. पूर्वेकडचं जुळं शिखर, नंदादेवी पूर्व (७,४३४ मीटर), मात्र मुनस्यारीच्या बाजूने आजही चढता येतं. शिखर उघडावं की नाही यावर गिर्यारोहकांत अधूनमधून जोरात वाद होतो. त्या वादात ऋषिगंगेची घळई मुळात ओलांडायची कशी, तिला माणसं किती लागायची आणि त्या माणसांच्या चुली कशावर पेटायच्या, हा भाग बहुतेक वेळा राहून जातो. बंदीचं मूळ तिथेच आहे.

नंदादेवीभोवती शिखरांचं एक रिंगण आहे. त्याचा परीघ सुमारे ११० किलोमीटर. पश्चिमेची एक फट सोडली तर या रिंगणात ५,००० मीटरच्या खाली उतरणारी एकही खिंड नाही. आतल्या सगळ्या हिमनद्यांचं पाणी त्या एकाच फटीतून, ऋषिगंगेच्या घळईतून बाहेर पडतं. त्यामुळे शिखराच्या पायथ्याशी पोहोचणं हेच कित्येक वर्षं मुख्य काम होऊन बसलं. १८८३ मध्ये ग्रॅहम दोन स्विस सोबत्यांना घेऊन घळईच्या तोंडातून शिरला आणि वरच्या भागात अडकून परतला. १९०५ मध्ये टॉम लाँगस्टाफने पूर्वेकडून, मिलमच्या बाजूने, रिंगणाची धार गाठली आणि आत डोकावून पाहिलं. ती जागा आज लाँगस्टाफ खिंड (५,९१० मीटर) म्हणून ओळखली जाते. १९०७ मध्ये त्याने त्रिशूळ (७,१२० मीटर) सर केला, पण आतलं खोरं लांबच राहिलं. ह्यू रटलेजने १९२६, १९२७ आणि १९३२ असे तीन वेळा वेगवेगळ्या बाजूंनी प्रयत्न केले. तिन्ही फसले.

कोडं सुटलं १९३४ मध्ये. एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोघं, बरोबर अंगथार्के, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा. रमणी नाला ऋषिगंगेला मिळतो तिथून वर घळई सर्वांत अरुंद होते. नदीपात्रातून चालायला जागाच नाही. या पाच जणांनी दक्षिण काठाच्या कड्यावर एकाखाली एक असलेले अरुंद कंगोरे हुडकले आणि एकातून दुसऱ्यात असे जोडत नेले. कंगोरा संपला की गवताचा उतार चढायचा किंवा उतरायचा आणि पुढचा पकडायचा. एक जरी दुवा तुटला असता तर सगळी वाट निकामी ठरली असती. पाऊस सुरू होण्याआधी आणि ओसरल्यानंतर असे दोनदा ते आत गेले. दुसऱ्या फेरीत ते दक्षिणेच्या सुंदरढुंगा खिंडीवरून बाहेर पडले. पुढच्या सगळ्या मोहिमा थोड्याफार फरकाने याच दुव्यांवरून गेल्या.

१९३६ ची ब्रिटिश-अमेरिकन मोहीम ऐन पावसाळ्यात आत शिरली. रमणीच्या जवळ नदी इतकी फुगलेली होती की डोटियाल (नेपाळच्या डोटी भागातल्या) हमालांनी ओलांडायला नकार दिला आणि ते परत फिरले. राहिलेली सगळी ओझी गिर्यारोहक, शेर्पा आणि माणा गावचे लोक यांनी फेऱ्या मारून वर नेली. शिखराची पहिली जोडी नोएल ओडेल आणि चार्ल्स ह्यूस्टन अशी ठरली होती. वरच्या कॅम्पवर डब्यातलं खराब मांस खाऊन ह्यूस्टन आजारी पडला आणि त्याच्या जागी टिलमन वर गेला. २९ ऑगस्ट १९३६ ला टिलमन आणि ओडेल माथ्यावर पोहोचले. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत माणसाने चढलेलं हे सर्वांत उंच शिखर होतं. त्याच मोहिमेत कितार या शेर्पाचा आजारपणात मृत्यू झाला. विक्रमाच्या गोष्टीत त्याचं नाव क्वचित येतं; ते यायला हवं.

ऑगस्टमधल्या या यशावरून पावसाळा हाच योग्य हंगाम असं कुणी समजू नये. रिंगणाच्या आडोशामुळे आतल्या खोऱ्यात बाहेरच्या मानाने कोरडं असतं हे खरं, पण माथ्याखालचा उतार तेव्हा ताज्या, मऊ बर्फाने भरलेला असतो. पाय खोल जातो, दम लवकर संपतो आणि उतार केव्हा घसरेल याचा भरवसा नसतो. शिवाय घळई ओली असते. तिथले खडक बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, त्यावर शेवाळ आणि गवत. कोरड्यात ज्या जागी नुसतं सांभाळून चालता येतं, तिथेच पावसात पाठीवर ओझं असलेल्या माणसासाठी दोर बांधावा लागतो. नाल्यांचाही दिवसाचा ठरलेला क्रम असतो. हिमनदीचं पाणी ऊन चढेल तसं वाढतं, म्हणून ओलांडायचं ते पहाटे. दुपारी पोहोचलेल्या तुकडीने काठावरच मुक्काम करावा आणि सकाळची वाट बघावी.

आता ओझ्यांचा हिशेब. लाता गावापासून आतल्या बेस कॅम्पपर्यंत लादलेल्या हमालाला आठ ते दहा दिवस लागायचे, रिकाम्या हाताने परतायला चार-पाच. हमालाचं ओझं साधारण २५ किलो आणि पीठ, तांदूळ, डाळ धरून रोजचा शिधा एक किलोच्या आसपास. नऊ दिवस जायचे आणि साडेचार परतीचे धरले तर साडेतेरा किलो त्याच्याच पोटात जातात. बेस कॅम्पवर उतरतं ते साडेअकरा किलो. म्हणजे मोहिमेचं एक टन सामान आत न्यायला चाळीस नव्हे, सत्त्याऐंशीच्या आसपास माणसं हवीत. त्यात पावसाने तीन दिवस अडकवून ठेवलं की अडीचशे किलोहून जास्त शिधा जागच्या जागी संपतो, आणि त्याची भरपाई मागून येणाऱ्या ओझ्यांतूनच करावी लागते. यावरचा स्थानिक उपाय म्हणजे शेळ्या-मेंढ्या. पाठीवर दोन बाजूंना पिशव्या लटकवून एक जनावर दहा किलोपर्यंत पीठ नेतं आणि स्वतःचं पोट वाटेवरच्या गवतावर भरतं. वाट जिथवर झेपेल तिथवर त्यांचे कळप जात.

एवढी माणसं म्हणजे एवढ्या चुली. रॉकेल वाहून नेणं म्हणजे आणखी हमाल, म्हणून सरपण वाटेवरचंच. वाटेवरच्या दिब्रुघेटा या मुक्कामाच्या वर साडेतीन हजार मीटरच्या पुढे भूर्ज, बुरांस आणि जुनिपरची झुडपं आहेत. या उंचीवर वाढीचा हंगाम जेमतेम काही महिन्यांचा असतो. मनगटाएवढं जुनिपरचं खोड तयार व्हायला कित्येक दशकं लागतात आणि एका संध्याकाळी ते जळून जातं.

दोन-चार वर्षांत एखादी मोहीम आली तर हे खपून गेलं असतं. आणि सुरुवातीला तसंच होतं. १९३९ मध्ये पोलंडच्या बुयाक आणि क्लार्नर यांनी पूर्व शिखर पूर्वेच्याच बाजूने सर केल्यानंतर आणि १९५१ मध्ये दुपला आणि व्हिन्य हे दोन फ्रेंच गिर्यारोहक दोन शिखरांमधली धार पार करताना नाहीसे झाल्यानंतरसुद्धा आतली वर्दळ फार नव्हती. त्या दोघांच्या शोधात तेन्झिंग नोर्गे आणि लुई द्यूबो यांनी पूर्व शिखर गाठलं होतं. मुख्य शिखरावरची दुसरी चढाई थेट १९६४ मध्ये झाली, ती एन. कुमार यांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय मोहिमेतल्या नवांग गोंबू आणि दावा नोर्बू यांनी केली.

लगेच १९६५ मध्ये वेगळंच प्रकरण घडलं. चीनच्या क्षेपणास्त्र चाचण्यांवर कान ठेवण्यासाठी भारतीय आणि अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी शिखरावर एक उपकरण बसवायचं ठरवलं. त्याला वीज देणाऱ्या जनित्रात प्लुटोनियम होतं. हवामान बिघडल्यामुळे कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्या तुकडीला ते वरच्या कॅम्पवर बांधून ठेवून उतरावं लागलं. १९६६ मध्ये माणसं परत गेली तेव्हा हिमप्रपाताने जागाच पुसून टाकली होती. जनित्र आजतागायत सापडलेलं नाही. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत ही गोष्ट मान्य केली. साठच्या दशकातल्या या घडामोडींमुळे आणि सीमेच्या कारणाने हा भाग परदेशी मोहिमांना बंद राहिला.

१९७४ मध्ये तो उघडला आणि मग मोहिमांची रीघ लागली. १९७६ च्या जूनमध्ये जपानी गिर्यारोहकांनी दुपलाचं अपुरं राहिलेलं काम, म्हणजे दोन शिखरांमधली धार, पार केलं. त्याच वर्षी भारतीय-अमेरिकन मोहिमेने वायव्येची भिंत आणि उत्तर धार यांवरून नवी वाट काढली. शिखराचंच नाव ठेवलेली नंदादेवी अनसोल्ड ही तरुणी त्या मोहिमेत ७,३०० मीटरच्या आसपास वरच्या कॅम्पवर मरण पावली. १९८१ मध्ये रेखा शर्मा, हर्षवंती बिश्त आणि चंद्रप्रभा ऐतवाल या माथ्यावर पोहोचणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. हिशेबाचा बोजा याच आठ-नऊ वर्षांत खोऱ्यावर पडला: कॅम्पच्या जागांभोवती झुडपं साफ, डबे आणि दोर पडलेले, जडीबुटी खणून नेलेली, भरल (रानमेंढी) आणि कस्तुरीमृगांची शिकार. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, पुढच्या वर्षी प्रवेश थांबला आणि १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं. १९९३ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांच्या मोहिमेने शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन पाहणी केली आणि कचरा बाहेर काढला.

बंदी योग्यच होती, पण तिची किंमत भलत्याच माणसांनी भरली. लाता, रैणी, तोलमा या गावांची मोहिमांवरची मजुरी गेली आणि त्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची कुरणंही गेली. जंगल वाचवायला १९७४ मध्ये गौरादेवींच्या मागे झाडांना मिठ्या मारणाऱ्या बायका याच रैणीच्या. त्याच गावांना जंगलाबाहेर ठेवण्यात आलं. १९९८ मध्ये लाताच्या लोकांनी ‘झपटो छीनो’ आंदोलन करत गाभा क्षेत्रात पाऊल टाकलं. २००१ मध्ये त्यांनी पर्यटन गावाच्या हातात राहावं असा जाहीरनामा काढला. २००३ मध्ये बाहेरच्या कडेची छोटी पट्टी मर्यादित संख्येने उघडली, ती त्यानंतर.

ती पट्टी म्हणजे लाता ते धरांसी. गावातून लाताखडकपर्यंत सलग चढ. पुढे झंडीधारेवरून वाट सातकुल्यावर येते. सात नाळा (डोंगरातल्या उभ्या घळी) एकामागून एक आडव्या पार करायच्या. मे महिन्यात या नाळांत जुना बर्फ असतो, पहाटे दगडासारखा कडक आणि दुपारी भुसभुशीत. पहाटे नुसत्या ट्रेकिंगच्या बुटांवर उतरलेला माणूस घसरला तर थांबायला खाली सपाटी नाही. आइस ॲक्स आणि पायऱ्या खोदायला वेळ, दोन्ही धरूनच निघावं. धुकं आलं की नाळ चुकते, कारण सातही एकसारख्या दिसतात. धरांसीची खिंड सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे. तिच्यापुढची मलाथुणी, दिब्रुघेटा, देवडी, रमणी, सरसोंपाताल ही नावं आता नकाशावर आहेत, पायाखाली नाहीत. देवडीचा नदीवरचा पूल दर मोहिमेगणिक नव्याने बांधावा लागायचा. कंगोऱ्यांवरची वाट सतत वापर होता म्हणून टिकून होती. चाळीस वर्षांच्या दरडी आणि वाढलेली झुडपं लक्षात घेतली तर उद्या परवानगी मिळाली तरी पहिल्या तुकडीला घळई जवळपास १९३४ सारखीच शोधत जावी लागेल.

७ फेब्रुवारी २०२१ चा पूर याच नदीला आला, पण आतल्या खोऱ्यातून नाही. रोंती शिखराच्या उत्तर भिंतीवरून साडेपाच हजार मीटरच्या आसपास खडक आणि बर्फाचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरचा तुकडा सुटला. त्यात खडक चार भाग आणि बर्फ एक भाग. तो रोंती गाड या नाल्यातून ऋषिगंगेत आला, रैणीजवळचा वीजप्रकल्प नेला आणि तपोवनच्या प्रकल्पावर आदळला. दोनशेहून जास्त माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. हरवलेल्या जनित्राचा संशय गावात लगेच बोलला गेला, आणि इतिहास पाहता तो येणं स्वाभाविक होतं. उपग्रहचित्रांनी मात्र कारण स्वच्छ दाखवलं: भिंतीतली भेग आधीपासून रुंदावत होती.

पूर्वेची वाट गोरीगंगेच्या खोऱ्यातून जाते: मुनस्यारी, लीलम, बुगडियार, रीलकोट, मार्तोली आणि तिथून लवाँच्या खोऱ्यात बेस कॅम्प, साधारण ४,३०० मीटर. पायथ्यापर्यंतचा ट्रेक महाराष्ट्रातले गटही करतात. त्यासाठी मुनस्यारीतून इनर लाइनचा (सीमेजवळच्या भागात जाण्याचा) परवाना लागतो. शिखरासाठी भारतीय गिर्यारोहण संस्थेची परवानगी वेगळी. बेस कॅम्पपासून लाँगस्टाफ खिंडीपर्यंत सोळाशे मीटरची उभी चढण आहे. ऊन लागलं की वरून दगड सुटतात, म्हणून मध्यरात्रीनंतर निघून सकाळच्या आत वर पोहोचावं. खिंडीपासून माथ्यापर्यंतची दक्षिण धार अरुंद, सुळक्यांची आणि हिमछज्ज्यांची (वाऱ्याने धारेबाहेर लटकत वाढलेल्या बर्फाच्या कडांची). छज्जा मोडतो तेव्हा फक्त दिसणारी कड जात नाही. भेग कडेच्या बरीच आत, पायाखालून जाते. धारेच्या अगदी माथ्यावरून चालणं सोपं वाटतं, तरी वारा येतो त्या बाजूने काही मीटर खालूनच आडवं जायला हवं. वारा एका रात्रीत छज्जा वाढवतो, त्यामुळे कालचा माग आज सुरक्षित धरता येत नाही.

मे २०१९ मध्ये याच परिसरात ६,४७७ मीटरच्या एका अनामिक शिखराकडे गेलेले आठ जण मरण पावले. त्यांच्या कॅमेऱ्यात धारेवरून एका दोरात चाललेली तुकडी दिसते, आणि छज्जा भाराने मोडला असावा असा अंदाज भारत-तिबेट सीमा पोलिसांनी व्यक्त केला. त्यांच्या जवानांनी सात मृतदेह बाहेर काढले. नंदादेवी पूर्वेच्या मोहिमेआधी सरावासाठी किंवा उंचीची सवय होण्यासाठी शेजारच्या कमी उंचीच्या शिखरांवर जाणाऱ्या तुकड्यांनी तिथेही मुख्य धारेइतकाच दोर, तेवढाच अंतराचा नियम आणि तेवढीच पहाटेची वेळ पाळावी.