खोटा अँटीव्हायरस आणि घरच्या कम्प्युटरची राखण (खानदेश)

खोटा अँटीव्हायरस म्हणजे असा प्रोग्राम, आणि आजकाल तर नुसतं एक वेबपेजच, जे तुमच्या मशीनमधे नसलेले व्हायरस दाखवतं, भीती घालतं आणि ते काढायचे पैसे मागतं, नाहीतर औषध म्हणून खरा व्हायरसच आत सोडून जातं. याला स्केअरवेअर असं नाव आहे, पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ते कोणी वापरत नाही, आपल्याकडे सरसकट "व्हायरस आला" म्हणतात. मशीन स्लो झालं तरी व्हायरस, प्रिंटर हलला नाही तरी व्हायरस, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर धुळीनं जाम झालेला पंखा फिरेना आणि सीपीयू गरम होऊन बंद पडला तरी व्हायरसच. खरा व्हायरस आणि खोटा अँटीव्हायरस इथे एकाच नोंदीत घेतलेत कारण घरात ते एकमेकांच्या हाताला धरूनच येतात.

पीसीवरचा पहिला व्हायरस ब्रेन, साल १९८६, लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी लिहिलेला. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरून कॉप्या होतात म्हणून तो केला असं त्यांचं म्हणणं होतं, आणि गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर टाकून ठेवला होता. पुढं फ्लॉपी गेली, सीडी गेली, ईमेलवरून २००० साली आय लव्ह यू नावाचा किडा जगभर फिरला. व्हायरस, वर्म आणि ट्रोजन हे खरं तर वेगवेगळे प्रकार, एक दुसऱ्या फाइलला चिकटतो, दुसरा आपला आपणच नेटवर्कवरून पसरतो, तिसरा चांगल्या प्रोग्रामचं सोंग घेतो, पण घरच्या माणसाला हा फरक माहीत नसला तरी फार बिघडत नाही.

खानदेशात तो घरी कसा येतो

सगळ्यात जास्त पेनड्राइव्हवरून. कॉलेजसमोरचं झेरॉक्सचं दुकान, ऑनलाइन फॉर्म भरून देणारे, लग्नसराईत पत्रिका करून देणारे डीटीपीवाले, या सगळ्यांच्या मशीनला दिवसभरात किती पेनड्राइव्ह लागतात ते मोजायलाच नको. पोरगं ॲडमिशनसाठी मार्कशीट आणि फोटो घेऊन जातं आणि येताना एक "न्यू फोल्डर" घेऊन येतं. हा फोल्डर दिसायला अगदी पिवळा फोल्डरच, पण तो असतो प्रोग्राम, त्याच्या नावाच्या शेवटी डॉट ईएक्सई असतं आणि विंडोज ते शेपूट मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे माणूस फोल्डर उघडायला म्हणून दोनदा क्लिक करतो आणि स्वतःच्याच हातानं तो चालू करतो. मग टास्क मॅनेजर उघडत नाही, फोल्डर ऑप्शन्स मेनूतून गायब, आणि प्रत्येक फोल्डरच्या आत त्याच नावाचा अजून एक फोल्डर. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत फाइल नेम एक्सटेन्शन्स नावाची खूण आहे, ती लावून ठेवली की हे सोंग तिथेच उघडं पडतं. माझ्या मते फुकटात होणारं सगळ्यात कामाचं सेटिंग हेच, आणि ते शंभरात पाच घरी पण केलेलं दिसत नाही.

दुसरा प्रकार शॉर्टकटवाला. पेनड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले, कोपऱ्यात तो बारीक बाण, आणि लोक घाबरून लगेच फॉरमॅट मारतात. फाइली कुठं गेलेल्या नसतात हो, त्यांना फक्त हिडन आणि सिस्टीम असा शिक्का मारलेला असतो, ॲट्रिब नावाच्या विंडोजच्याच कमांडनं तो काढला की लग्नाचे फोटो जसेच्या तसे परत दिसतात. पण हे काम स्वच्छ मशीनवर करायचं, ज्या मशीननं पेनड्राइव्ह बाटवला त्याच मशीनवर साफ केला तर दोन मिनिटात जैसे थे.

पेनड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप प्रोग्राम चालू होणं, म्हणजे ऑटोरन, हे मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ मधे आवळलं आणि फेब्रुवारी २०११ मधे एक्सपी आणि व्हिस्टाला पण अपडेटमधून तो बदल दिला. आता ज्यांचं अपडेटच बंद होतं त्यांना तो कसा मिळणार, आणि आपल्याकडे तर बहुतेकांचं बंदच.

बंद का, हे खरं मूळ दुखणं. असेंबल केलेला पीसी घेतला की विंडोज फुकट टाकून मिळतं, ते चालू ठेवायला दुकानदार ॲक्टिव्हेटर, म्हणजे चोरीचं विंडोज खरं भासवणारा प्रोग्राम, मारतो, आणि विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर त्या ॲक्टिव्हेटरलाच पकडतो, म्हणून मग आधी डिफेंडर बंद करायचा, तरी ऐकत नसला तर त्याला सांगायचं की अख्ख्या सी ड्राइव्हकडे बघू नको, आणि ॲक्टिव्हेशन उडू नये म्हणून अपडेट पण बंद. वर शोभेला कुठूनतरी उतरवलेला क्रॅक अँटीव्हायरस. गिऱ्हाइकाला खाली घड्याळाजवळ एक ढाल दिसते आणि तो खूश, पण आत राखणदाराचे डोळे बांधलेले. मला विचाराल तर हा पण खोटा अँटीव्हायरसच, फक्त ओळखीच्या माणसानं बसवलेला. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय सुटला आणि फाइली कुलपात घालून ३०० डॉलरचे बिटकॉइन मागायला लागला तेव्हा त्याच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलेला होता, दोन महिने आधी. ज्यांनी अपडेट घेतलं नाही ते सापडले.

आपल्या मशीनवर असं काही करून ठेवलंय का ते बघायला विंडोज सिक्युरिटी उघडायचं, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी खाली एक्सक्लूजन्स, म्हणजे डिफेंडरनं बघायचं नाही अशा जागांची यादी. ती यादी रिकामी पाहिजे. त्यात सी ड्राइव्ह लिहिलेला दिसला तर कोणी लिहिला ते वेगळं सांगायला नको.

भीतीचा धंदा

२००८-०९ च्या सुमारास अँटीव्हायरस एक्सपी २००८, अँटीव्हायरस २००९ अशा नावांचे प्रोग्राम जगभर फिरत होते, नाव असं की कंपनीचंच वाटावं. पॉपअप यायचा, त्यात माय कम्प्युटरचं हुबेहूब चित्र, हिरवी पट्टी सरकतेय, आणि शेवटी लाल अक्षरात शेकडो व्हायरस. स्कॅन बिन काही होत नसायचं, ते एक हलतं चित्र असायचं, इतकं की लिनक्सवर उघडलं तरी सी ड्राइव्हमधे व्हायरस दाखवायचं जिथे सी ड्राइव्ह नावाची गोष्टच नसते. डिसेंबर २००८ मधे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीवर आणि तिच्या लोकांवर केस केली, दहा लाखांहून जास्त गिऱ्हाइकं फसवली असा आरोप होता, आणि २०१२ मधे कोर्टानं त्यातल्या एका बाईवर १६ कोटी ३० लाख डॉलरची वसुली लावली. मॅकवाले पण सुटले नाहीत, २०११ मधे मॅक डिफेंडर आलाच.

आता प्रोग्राम उतरवायची पण गरज राहिली नाही. आमचे मामा यावल तालुक्यात केळीवाले, पीकविम्यासाठी सातबारा काढायला बसले, सर्चमधे वर जे पहिलं आलं त्याच्यावर क्लिक केलं आणि अख्खी स्क्रीन निळी, त्यावर लाल चौकट, सायरन चालू, आणि एक बाई इंग्रजीत सांगतेय की कम्प्युटर लॉक झालाय, बंद करू नका, या नंबरवर फोन लावा. मामांनी मला फोन लावला, "अरे हे मशीन बोंबलून राह्यलं, काय करू?", आणि मी बोलायच्या आत त्यांनी भिंतीतला प्लग उपटला. आता लाइट सारखी जाते म्हणून त्यांच्याकडे यूपीएस, त्यामुळे मशीन काही बंद पडलं नाही, उलट सायरन पण चालू, बाई पण चालू आणि वरून यूपीएसची टींव टींव, मामी बिचारी देवघरातून धावत आली. फोनवर सांगून एस्केपचं बटण दाबून धरायला लावलं, मोठी स्क्रीन लहान झाली, मग वरचा क्रॉस दाबला, संपलं. एक व्हायरस नव्हता मशीनमधे, नंतर स्कॅन करून पण पाहिलं. एस्केपनं नाही झालं तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर मारायचा, आणि परत उघडल्यावर "आधीची पानं उघडू का" असं विचारलं तर हो म्हणायचं नाही, नाहीतर बाई परत येते.

त्या नंबरवर फोन लावला असता तर पुढं काय झालं असतं ते ठरलेलं आहे. पलीकडचा माणूस फार नम्रपणे बोलतो, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर घ्यायला लावतो, दुसऱ्याचं मशीन लांबून चालवायची ही दोन्ही सॉफ्टवेअर चांगली आहेत पण हातात चावी दुसऱ्याच्या, मग तो इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची रोजची नोंदवही, उघडून दाखवतो आणि म्हणतो हे बघा किती एरर. त्या यादीत लाल पिवळ्या खुणा धडधाकट मशीनवर पण असतातच, रोज पडतात, त्याचा व्हायरसशी संबंध नाही. पण न कळणाऱ्याला ती यादी दाखवली की तो डॉक्टरनं एक्सरे दाखवल्यासारखा गप्प होतो आणि पैसे भरतो, आणि पैसे भरताना बँकेचं पान त्या माणसाला पण दिसत असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमधे फोन नंबर कधीच नसतो, एवढं एक लक्षात राहिलं तरी पुष्कळ. आपल्या देशातूनच परदेशी लोकांना असे फोन करणारी कॉल सेंटरं चालायची हे पण सांगायला पाहिजे, ऑक्टोबर २०२३ मधे सीबीआयनं ऑपरेशन चक्र २ मधे अनेक ठिकाणी छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून कारवाई झाली होती.

सध्याचा सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे कोपऱ्यातले नोटिफिकेशन. क्रिकेटचा स्कोअर नाहीतर सिनेमा बघायच्या साइटवर "अलाऊ दाबा म्हणजे व्हिडिओ चालू होईल" असं येतं, माणूस दाबतो, आणि दुसऱ्या दिवसापासून उजव्या कोपऱ्यात खाली "तुमचा अँटीव्हायरस संपला, ५ व्हायरस सापडले". ही ब्राउझरची नोटिफिकेशन असते, मशीनमधे काहीच नसतं, म्हणून स्कॅनमधे पण काही सापडत नाही. क्रोमच्या सेटिंगमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथून ती अनोळखी साइट काढली की एका मिनिटाचं काम. एवढ्यासाठी एका रिपेअरिंगवाल्यानं माझ्या मित्राचं मशीन फॉरमॅट मारलं, पाचशे रुपये घेतले, वर पोरीचे दहावीचे नोट्स गेले ते वेगळेच.

राखण कशी

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजमधेच येतो, त्याआधी फुकट पाहिजे असला तर २००९ मधे आलेला सिक्युरिटी इसेन्शियल्स वेगळा टाकावा लागायचा. घरच्या साध्या वापराला डिफेंडर चालू आणि अपडेट चालू एवढं बहुतेक वेळा पुरतं असं माझं मत, पण विकतचा घ्यायचा असला तर जरूर घ्यावा, आपल्या पुण्याचा क्विक हील आहेच, रहिमतपूरचे कैलास काटकर आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे आणि त्यांचे भाऊ संजय यांनी अँटीव्हायरस लिहिला. फक्त दोन अँटीव्हायरस एकावेळी टाकायचे नाहीत, एकमेकांच्याच फाइली संशयानं बघत बसतात आणि मशीन मरतं. आणि राइट क्लिक करून दहा वेळा रिफ्रेश मारल्यानं व्हायरस जात नाही, मशीन फास्ट पण होत नाही, एमएस-सीआयटी करून आलेले पण अजून मारतात.

अँटीव्हायरस जिवंत आहे का हे बघायचं असेल तर आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते, ती सेव्ह करायला गेलं की खरा अँटीव्हायरस लगेच ओरडतो. नाही ओरडला तर वरचा दुकानदाराचा परिच्छेद परत वाचावा.

घरातल्या पोरांसाठी वेगळं साधं अकाउंट, ॲडमिनचं नको, म्हणजे गेमच्या नावाखाली काही इन्स्टॉल करायला गेलं तर पासवर्ड मागतं. फोटो आणि कागदपत्रांची एक कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि ती डिस्क काम झालं की काढून कपाटात, लावून ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे वॉनाक्रायसारखा खंडणी मागणारा प्रोग्राम, तिला पण कुलूप घालतं. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला, त्यामुळे जुन्या मशीनवर बँकेचं काम करणं टाळलेलं बरं, ज्याला जमेल त्यानं त्यावर लिनक्स टाकावं, पत्ते खेळायला आणि सिनेमा बघायला ते झकास चालतं.

मोबाइलवर हेच सोंग एपीके फाइलच्या, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायच्या फाइलच्या, रूपात येतं. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका नाहीतर आरटीओचं चलान म्हणून, ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच फसवणाऱ्यांच्या ताब्यात गेलेला असतो. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही.

मशीन व्हायरसग्रस्त वाटलं तर सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ मधे सुरू झालं, साफसफाईची टूल्स फुकट देतं. पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मशीन नंतर बघू, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवायचे असतात. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पण करता येते, आणि अशी बतावणी करून फसवणं हा आयटी कायद्याच्या ६६ डी कलमात ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. फोन करताना बँकेचा मेसेज, व्यवहाराचा नंबर, किती वाजता किती गेले आणि त्या पॉपअपवरचा फोन नंबर हाताशी ठेवायचा, म्हणूनच स्क्रीन बंद करायच्या आधी मोबाइलनं तिचा एक फोटो काढून घ्यावा, सायरन कितीही वाजत असला तरी.