राजदूत माघारी बोलावणं म्हणजे संबंध तोडणं नव्हे

‘१९६२च्या युद्धानंतर भारताने चीनशी राजनैतिक संबंध तोडले आणि १९७६ साली ते पुन्हा जोडले.’ हे वाक्य लेखांत, भाषणांत, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये इतक्या वेळा वाचलंय की आता राहवत नाही. हे साफ चूक आहे. तुटले काहीच नव्हते. दोन्हीकडे राजदूत नव्हते, इतकंच.

संबंध तोडणं म्हणजे काय, ते बहुतेकांना ठाऊक असतं. दूतावासाला कुलूप, झेंडा खाली, अधिकारी मायदेशी आणि मागे उरलेल्याची काळजी तिसऱ्या देशाकडे. अमेरिकेने ७ एप्रिल १९८० रोजी इराणशी संबंध तोडले, तेव्हापासून तेहरानमध्ये तिचं काम स्वित्झर्लंड बघतं. एवढं पुरे.

घोळ होतो तो राजदूत माघारी येतो तेव्हा. दूतावास चालूच राहतो. झेंडा तोच, पाटी तीच, सांकेतिक तारा तशाच येतात-जातात. फक्त सर्वांत वरच्या खुर्चीत प्रभारी दूत बसतो, ज्याला मुत्सद्दी शार्ज द अफेअर म्हणतात. राजदूत आपलं अधिकारपत्र राष्ट्रप्रमुखाला देतो. प्रभारी दूताची ऊठबस परराष्ट्र मंत्रालयापर्यंत. मान कमी झाला, पण माणूस तिथे आहे. मार्च २०२१मध्ये रशियाने वॉशिंग्टनमधून आपले राजदूत अनातोली अँतोनोव यांना ‘सल्लामसलतीसाठी’ बोलावून घेतलं आणि जूनमध्ये ते परत गेले. नाराजी दाखवायची ही रीतच आहे. तिला ‘संबंध तुटले’ म्हणणाऱ्या बातम्यांच्या पट्ट्या बघून मला खरोखर त्रास होतो.

आता बीजिंगकडे या. आपले राजदूत जी. पार्थसारथी १९६१मध्ये तिथून परतले आणि त्यांच्या जागी राजदूत गेलाच नाही. चीननेही दिल्लीतला आपला राजदूत नेला. सीमेवर गोळीबार चालू होता तेव्हा बीजिंगमध्ये पी. के. बॅनर्जी प्रभारी दूत म्हणून काम करत होते. बंद झाले ते वाणिज्य दूतावास, त्यांत चीनचा मुंबईतलाही होता. पण व्हिसा, व्यापार अशी कामं बघणाऱ्या वाणिज्य दूतावासाचा मामला वेगळा, त्यावरून संबंधांचा निष्कर्ष काढू नये. १९६७ साली तर कडेलोट व्हायला आला होता. कृष्णन रघुनाथ आणि पी. विजय या आपल्या दोन अधिकाऱ्यांवर चीनने हेरगिरीचा आरोप ठेवून त्यांना हाकललं, रेड गार्डांनी, म्हणजे माओच्या कट्टर तरुण समर्थकांनी, त्यांना मारहाण केली. सप्टेंबरमध्ये सिक्कीमच्या सीमेवरच्या नथू ला खिंडीत तोफा धडधडल्या. तरीही दूतावास उघडाच होता.

म्हणूनच १ मे १९७० घडू शकला. बीजिंगमधल्या तियानआनमेनवर परदेशी मुत्सद्द्यांच्या रांगेपुढून जाता जाता चीनचे सर्वोच्च नेते माओ आपल्या प्रभारी दूतासमोर, ब्रजेश मिश्र यांच्यासमोर, थांबले. हस्तांदोलन केलं, हसले आणि असं किती दिवस भांडत राहायचं, अशा अर्थाचं काही बोलले. मिश्रांनी ते लगोलग दिल्लीला कळवलं. संबंध खरंच तोडले असते तर त्या रांगेत भारताचं कुणीही उभं नसतं.

तरीही कुणाला हा शब्दच्छल वाटत असेल, तर १९७६ हे एकच साल तपासा. पाकिस्तानने ६ डिसेंबर १९७१ रोजी, भारताने बांगलादेशाला मान्यता देताच, आपल्याशी संबंध खरोखर तोडले होते. त्यामुळे १९७६मध्ये दोन्ही देशांना बोलणी करून ते पुन्हा प्रस्थापित करावे लागले आणि मगच राजदूत गेले. चीनच्या बाबतीत पुन्हा प्रस्थापित करायला काही नव्हतंच. पंधरा वर्षं रिकाम्या असलेल्या पदावर त्याच वर्षी के. आर. नारायणन यांची नेमणूक झाली आणि ते चालू असलेल्या दूतावासात जाऊन रुजू झाले.